बलासवाला मोरेश्वर

मोरेश्वर परातेनं निळी गाडी जाळली, असं सांगणारी माणसं नागपुरात अजून आहेत. परवा एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारीच एक गृहस्थ जेवायला बसले होते. जुन्या गाड्यांचे शौकीन. बोलता बोलता म्हणाले, "तो उमरेड रोडवरचा पराते ना? कॉइल दोन नंबरची बसवायचा, आणि तोंडाचाही सैल होता."

माझ्या हातातला घास ताटात पडला. एका वाक्यात दोन खोट्या गोष्टी, आणि त्याही वरणभातावर तूप ओढत! मी त्यांना तिथंच सुनावलं. वाढपी बादली घेऊन उभे राहिले ऐकत. सून माझा पदर ओढत होती, "आई, जेवा ना, लोकं पाहून राहिले." पाहू देत. पण घरी आल्यावर वाटलं, पंगतीत ओरडून काय होते? चार माणसांनी ऐकलं आणि मठ्ठा पिऊन विसरले. म्हणून लिहून ठेवते. मला लिहिण्याची रीत माहीत नाही, जशी बोलते तशीच लिहीन.

सक्करदऱ्याच्या पुढं, उमरेड रोडवर आमची दोन दुकानं लागून होती. माझं ब्लाउज शिवण्याचं, आणि त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं. मधे प्लायची भिंत. भिंत कसली, नुसती आडोशाची फळी. त्याच्याकडचा शब्द न् शब्द मला ऐकू यायचा, आणि माझी मशीन चालली की त्याला फोनवरचं ऐकू यायचं नाही. तेवीस वर्षं असा शेजार. सख्ख्या भावाचं बोलणं मी इतकं ऐकलं नसेल.

मोरेश्वर कोष्ट्याच्या घरातला. वडिलांचा हातमाग होता, नऊवारी लुगडी विणायचे. माग बंद पडला तेव्हा हा सोळा वर्षांचा होता, वायरिंगच्या कामाला लागला. पण घरातली एक सवय त्याच्या अंगातून गेली नाही. बाकीचे मेकॅनिक काम झाल्यावर हात धुतात, हा कामाच्या आधी धुवायचा. साबण लावून, कोपरापर्यंत, नखं घासून. मग गाडीचं बॉनेट उघडायचा. एकदा मी हसले तर म्हणे, "घाण हातानं सुताले हात लावला का माय बदडायची, ताई. वायर म्हणजे सूतच तं आहे."

उंच, वाळकुडा, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. दुपारी भाकर आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा, तोही असा की भिंतीपलीकडं मला शिंका यायच्या. बोलणं कमी. पण बलासचा विषय निघाला की गडी थांबायचा नाही.

आता बलास म्हणजे काय, ते मी सांगते. हसू नका. तेवीस वर्षं भिंतीआडून ऐकलं आहे, कॉलेजच्या पोरांना शिकवीन. जुन्या गाडीत एक कॉइल असते, तिच्यामुळं ठिणगी पडते. बॅटरी बारा व्होल्टची. काही कॉइली पुरे बारा व्होल्ट पचवणाऱ्या, काही कमी ताकदीवर चालणाऱ्या. त्या कमीवाल्या कॉइलच्या आधी वायरीत एक पांढरा, चिनी मातीचा, बोटभर लांब तुकडा लावतात. तो थोडी वीज स्वतः खातो आणि तापतो, पुढं कॉइलला बेताचीच जाऊ देतो. इंग्रजी नाव बॅलास्ट रेझिस्टर. मोरेश्वर म्हणायचा बलास, म्हणून मीही बलासच म्हणते.

खरा घोळ पुढं झाला. लोक जुन्या गाड्यांतले, कॉइलची वीज चालू-बंद करणारे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिकचा डबा बसवायला लागले. पॉइंट घासा, गॅप लावा, ही कटकट गेली. आणि गल्लोगल्ली शहाणे उगवले. एक म्हणे, "इलेक्ट्रॉनिक आलं, आता बलास फेकून द्या." दुसरा म्हणे, "आहे तो राहू द्या, काय बिघडते?" मोरेश्वरचा दोघांवरही सारखाच राग. "फेक म्हणणाराबी मोजत नाही, ठेव म्हणणाराबी मोजत नाही. अबे, मीटर काय आरती ओवाळाले घेतला?"

त्याची रीत ठरलेली. आधी डब्यासोबत आलेला कागद वाचायचा, किती ओहमच्या खाली जाऊ नका ते पाहायचं. मग कॉइल थंड असताना मोजायची. मग वजाबाकी. जेवढे ओहम कमी पडतील तेवढ्याचा बलास. आणि एवढ्यावर गिऱ्हाइकाला सोडायचा नाही. गाडी हिंगण्यापर्यंत पळवून आणायची आणि गरम असताना पुन्हा मोजायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "भाऊ, सुरू तर झाली ना?" त्यावर ह्याचं उत्तर ठरलेलं, "सुरू तं कोणीबी करते."

एकदा एक प्रोफेसर आले. फिजिक्सचे, बरं का. जुनी जीप होती त्यांची. अर्धा तास चांगली चालायची, मग झटके द्यायची. सरांनी स्वतः कॉइल मोजली होती, स्वतः बलास निवडला होता, आणि कागदावर सगळं मांडून आणलं होतं. कॉइल एक पॉइंट आठ, बलास एक पॉइंट दोन, बेरीज बरोबर तीन, डब्याला पाहिजेत तीन. सर म्हणाले, "गणितात चूक नाही. तुम्ही फक्त कार्बोरेटर पाहा."

मोरेश्वरनं त्यांचाच मीटर मागितला. त्याच्या लाल-काळ्या दोन सुया एकमेकींना टेकवल्या, मधे काहीच न ठेवता, आणि मीटर सरांसमोर धरला.

"किती दाखवते सर?"

"पॉइंट तीन."

"आता मधात कॉइल नाही, काही नाही. मंग हे पॉइंट तीन कोनाचे?"

सरांनी स्वतः सुया टेकवून पाहिल्या. मी मशीन थांबवून फळीला कान लावला.

"तुमी कॉइल मोजली, पण संगं मीटरची वायरबी मोजली. हे आधी वजा करा लागते. तुमची कॉइल दीडचीच आहे. मंग बलास दीडचा पायजे, तुमी कमीचा लावला. डबा तापून राहिला बिचारा."

मला वाटलं आता भांडण होणार. पण माणूस मोठ्या मनाचा. मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "मी हेच वर्गात शिकवतो हो!" मोरेश्वर म्हणाला, "वर्गात गाडी नसन ना सर." पुढच्या आठवड्यात सर पेढे घेऊन आले आणि बाकावर बसून तासभर याचं काम पाहत राहिले. अशीही माणसं असतात. ती आधी सांगून टाकली, कारण पुढं जो येणार आहे त्याच्याबद्दल माझी जीभ ताब्यात राहायची नाही.

दुसरी आठवण मे महिन्याची. एक डॉक्टरीणबाई, त्यांच्या वडिलांची राखाडी रंगाची छोटी गाडी. सकाळी ठणठणीत, दुपारी सिग्नलवर उभी राहिली की बंद. तीन गॅरेज झाले. कोणी पेट्रोल पंप बदलला, कोणी प्लग, आणि एकानं तर सांगितलं, "मॅडम, गाडी विका." मोरेश्वरनं काय करावं? दुपारी बाराला गाडी भर उन्हात उभी केली, सुरू ठेवली, आणि शेजारी स्टूल टाकून बसला. हातात छत्री. पण ती छत्री डोक्यावर नाही, मीटरवर! उन्हात मीटरची काच काळी पडते म्हणून.

मी माठातलं पाणी घेऊन धावले. "काहून गा मोरेश्वर, मराचं आहे का? सावलीत घे ना गाडी."

"गाडी उन्हात बंद पडते ताई, सावलीत मोजून काय भेटन?"

दीड तासानं सापडलं. आधीच्या कोणी शहाण्यानं डब्याची वायर बलासच्या पुढून घेतली होती. म्हणजे बलासचं उरलंसुरलं कॉइलला आणि त्यातलंच डब्यालाही. बलास तापला की डबा उपाशी. मोरेश्वरनं डब्याची वायर बलासच्या अलीकडून, सरळ किल्लीवरून दिली. "डब्याले पुरे बारा, कॉइलले मोजून." झालं काम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढंच होतं?" मला त्या 'एवढंच'चा इतका राग आला! तो माणूस चेहरा भाजून बसला होता, लाल टमाटरासारखा. पण त्यालाच राग नाही. म्हणे, "सापडल्यावर एवढंच असते मॅडम."

आता निळी गाडी.

मालकाचं नाव लिहीत नाही. गाडीचंही नाही, कारण तशी गाडी नागपुरात एकच आहे आणि नाव लिहिलं की माणूस ओळखू येईल. सिव्हिल लाइन्सला बंगला, जुन्या गाड्यांच्या क्लबात मोठं वजन. दरवर्षी मैदानावर ह्या गाड्यांचं प्रदर्शन भरते. परीक्षक बॉनेट उघडून पाहतात, कोणाची गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी आहे. त्यात हे साहेब दोनदा पहिले आलेले. पण गाडी दर दहा किलोमीटरला रुसायची. साहेबांना दोन्ही पाहिजे होतं, गाडी पळायलाही पाहिजे आणि अस्सल म्हणून कपही पाहिजे.

एका सकाळी ते मोरेश्वरकडं आले. फळीपलीकडून मी ऐकलं.

"पराते, इलेक्ट्रॉनिक बसवा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली जाते, बाहेरून दिसत नाही. पण हे तुमच्या-माझ्यात राहिलं पाहिजे."

"माह्या तोंडून नाही निघणार साहेब."

झालं. एवढ्या एका वाक्यानं त्या माणसाचा घात केला. तेव्हा मला काय माहीत.

मोरेश्वरनं त्याच्या रीतीनं सगळं केलं. मोजलं, वाचलं, जुनी कॉइल गेलेली निघाली म्हणून तशीच दिसणारी, पण कमी ताकदीवर चालणारी नवी बसवली, हिंगण्याला पळवून आणलं. डबा टोपणाखाली लपला, पण बलास लपेना. त्या गाडीत मुळात तो नव्हताच, म्हणजे परीक्षकाला तो पांढरा तुकडा दिसला की पुढचं सगळं कळणार. साहेब म्हणाले, "डॅशबोर्डच्या मागं, गालिच्याखाली टाका." मोरेश्वरनं साफ नाही म्हटलं. "तापते साहेब तो. गालिचा पेटन. त्याले हवा लागते, उघड्यावरच राहते तो." शेवटी बॅटरीच्या मागं, खालच्या अंगाला, पत्र्यावर बसवला. आणि तीनदा बजावलं, "साहेब, हा काढाचा नाही. काढला तरी गाडी सुरू होईन, पयल्यापेक्षा चांगली होईन, म्हणून फसू नका. घंटाभरात डबा जाईन."

प्रदर्शनाच्या दिवशी आधी मिरवणूक निघायची, मग मैदानावर परीक्षा. दुपारी अडीचला निळी गाडी दोरीनं ओढत आमच्या दुकानापुढं आली. मागं दोन गाड्यांतून क्लबाचे चौघं जण, आणि पुढं साहेब, टाय ढिला, घामानं निथळत. भर चौकात, बँडसमोर गाडी बंद पडली होती. डबा जळाला होता. साहेबांनी उतरल्याबरोबर सुरू केलं, "ही कॉइल कुठून आणली तुम्ही? दोन नंबरचा माल घालता? माझी इज्जत घालवली चार लोकांत!"

मोरेश्वरनं हात धुतले. खरंच सांगते, अशा वेळीही. मग बॉनेट उघडलं. मी पायरीवर उभी होते, मला सगळं दिसत होतं. बॅटरीच्या मागं पांढरा तुकडा नव्हता. दोन वायरींची टोकं एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. सकाळीच काढला होता, परीक्षकांना दिसू नये म्हणून. साहेबांचा ड्रायव्हर मान खाली घालून चपलेनं माती उकरत होता. मोरेश्वरनं त्या टेपकडं पाहिलं, मग साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी नजर दुसरीकडं वळवली. त्यांना ठाऊक होतं! अहो, पक्कं ठाऊक होतं! आता ह्यानं एक वाक्य बोलायचं होतं, "बलास कोणी काढला?" एवढंच. पण त्या चौघांतला कोणीही पुढं विचारणार, बलास कशाला पाहिजे होता? आणि मग डब्याचं निघणार.

मोरेश्वर म्हणाला, "ठीक आहे साहेब."

ठीक आहे! माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. क्लबातल्या एकानं मोबाईल काढून ह्याच्या पाटीचा फोटो घेतला आणि सगळ्यांना पाठवला, खाली लिहिलं, इथं गाडी नेऊ नका.

ते गेल्यावर मी गेले त्याच्या दुकानात. "काहून गप बसला गा तू? तोंड शिवलं होतं का?"

"शब्द देल्ला होता, ताई."

"अरे, त्यानं तुले चोर ठरवलं!"

"त्यानं त्याचं सोडलं, म्हणून मी माहं सोडू?"

"मंग मी सांगते."

तेव्हा पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं रोखून पाहिलं. "तुमी फळीच्या तिकडून ऐकलं ताई. ते तुमाले सांगाले नव्हतं."

पुढचे चार महिने मी पाहिले. जुन्या गाड्या यायच्या बंद झाल्या. प्रोफेसर तेवढे आले एकदा. बाकी ऑटोचे हॉर्न, स्कूटीचे लाइट. कामाला काम होतं, उपाशी नव्हता तो. पण जुन्या गाडीचं बॉनेट उघडताना ह्याच्या चेहऱ्यावर जे यायचं, देवघरात दिवा लावताना बाईच्या चेहऱ्यावर येतं तसं, ते गेलं. समोरचे टायरवाले हाका मारायचे, "काय बलासवाले, आज कोणाची जाळली?" हा मान हलवून हसायचा. मी कात्री आपटायची. माझ्या हातून त्या चार महिन्यांत दोन ब्लाउज वाकडे कापले गेले.

आणि मग साहेब पुन्हा आले. दुसऱ्या गाडीतून, काळी काच वर करून. निळी गाडी मुंबईच्या कारागिराला दाखवली होती, त्यानं दोन डबे जाळले. "पराते, तुम्हीच करा. झालं ते झालं. लोकं विसरतात हो." माफीचा एक शब्द नाही. मला वाटलं आता हा त्यांना दारातून परत पाठवणार, आणि मी आतून टाळी वाजवणार.

मोरेश्वर म्हणाला, "आणा गाडी."

केली दुरुस्त! तेवढ्याच ओहमचा बलास, त्याच जागी. हिंगण्याला पळवून आणली, गरम मोजली, आणि साहेब निघून गेले. मी जाऊन विचारलं, "अरे तुले काही लाज?" तर म्हणे, "गाडीनं काय केलं, ताई?"

त्याच आठवड्यात मृणालबाई ब्लाउज घालून पाहायला आल्या. माझं जुनं गिऱ्हाईक, आणि त्या क्लबाच्या सेक्रेटरी. आरशासमोर उभ्या राहून सहज म्हणाल्या, "तुमच्या शेजारच्यानं बाई फार मनस्ताप दिला आमच्या लोकांना." माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी त्या एक एक काढून डबीत ठेवल्या आणि सगळं सांगितलं. टोपणाखालचा डबा, काढलेला बलास, काळी टेप, सगळं. मोकळं मोकळं वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवले.

क्लबानं टोपण उघडायला लावलं. डबा निघाला. साहेबांचं वजन गेलं, गाडी अस्सल गाड्यांतून काढून दुसऱ्या गटात टाकली. आणि क्लबाच्या ग्रुपवर मोरेश्वरबद्दल दोन ओळी आल्या, झाल्या प्रकारात गैरसमज झाला होता. गैरसमज! माणसाचं नाव चार महिने रस्त्यावर तुडवलं, आणि गैरसमज! भाजीत मीठ जास्त पडलं तर लोकं ह्याहून मोठी माफी मागतात. पण गाड्या परत यायला लागल्या. मला वाटलं, जिंकले मी.

मग साहेब आले. तिसऱ्यांदा. ओरडले नाहीत. फळीपलीकडून मला त्यांचा हळू आवाज ऐकू आला आणि माझी मशीन आपोआप थांबली.

"पराते, मी वाईट वागलो असेन. पण तुम्ही शब्द दिला होता. तो तुम्ही मोडला."

मी वाट पाहत होते. आता सांगेल, मी नाही साहेब, ह्या बाजूच्या ताईनं सांगितलं. सांगायलाच पाहिजे ना? माझ्याकडं एक बोट दाखवलं असतं तर तो सुटला असता. मी उठून जायला पाहिजे होतं. पाय उचललाच नाही. ती लाज अजून आहे.

मोरेश्वर म्हणाला, "हो साहेब."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या बंगल्यावर फोन केला. सरळ सांगितलं, मी बोलले, त्यानं नाही. तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही त्याला वाचवताय. तुमच्या जागी मीही हेच केलं असतं." काय बोलणार अशा माणसाला? खोट्याचं खरं पटकन होते, खऱ्याचं खरं होत नाही.

मोरेश्वर माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. भाकर खाऊन हात पुसत माझ्या दारात आला, आत आला नाही, उंबऱ्यावरच बसला.

"ताई, आधी लोकं म्हणे, मोरेश्वरले काम येत नाही. ते खोटं होतं, मले माहीत होतं, म्हणून सोसलं. आता म्हणतेत मोरेश्वरच्या पोटात काही राहत नाही. आता येणारा माणूस मले गाडीचं खरं सांगन का? आणि त्यानं खरं नाही सांगितलं तं मी कोणता बलास निवडू?"

मी माठातलं पाणी आणून दिलं. तो पिऊन गेला. तरी मी सांगते, मी चूक केली असं मला वाटत नाही. चूक त्या टेप गुंडाळणाऱ्याची, चूक त्या फोटो काढणाऱ्याची. पण भोगलं कोणी, ते मी पाहिलं.

लोकं खरंच गाडीचं अर्धंमुर्धं सांगू लागले, आणि दोन महिन्यांनी त्यानं दुकान सोडलं. उमरेडला सासरची जागा होती, तिकडं गेला. पाटी उतरवायला मी मदत केली. तो 'धरा', 'सोडा' एवढंच बोलला. त्या जागी आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. फळी तीच आहे, पण पलीकडून ऐकण्यासारखं काही येत नाही.

नंतर मी त्याला एकदाच पाहिलं. उमरेडला पुतणीच्या मुलीचं बारसं होतं. परतताना नागपूरच्या बससाठी स्टँडपाशी आले तर रस्त्याकडेला लिंबाच्या झाडाखाली तो. डोक्याचे केस सगळे पांढरे. पुढं कुठल्यातरी शेतकऱ्याची जुनी मोटार, बॉनेट वर. तो शेतकरी हातवारे करत होता, "नाई गा, कोनीच हात नाही लावला, मी सांगून राहिलो ना." आणि मोरेश्वर त्याच्या तोंडाकडं पाहत होता. गाडीकडं नाही, त्या माणसाच्या तोंडाकडं, हा खरं बोलतो आहे की नाही ते पाहत.

मग त्याला मी दिसले. मी थांबले. रस्त्याच्या ह्या बाजूला, पिशवी हातात, म्हातारी बाई, अशी किती वेळ उभी होते कोण जाणे. पदर नीट केला, पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. त्यानं हात झाडले, दोन पावलं रस्त्यापर्यंत आला, आणि तिथूनच म्हणाला,

"आता येईन ती भिवापूरची आहे, ताई. भरून येते. तिच्या मागची इथूनच सुटते, तिच्यात बसा. बसाले जागा भेटन."

आणि परत वळला. भिवापूरची बस आली. माणसं दाराला लोंबकळत होती. मी चढले नाही. मागची यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी रस्त्याच्या ह्या बाजूला बसून राहिले, आणि त्या बाजूला तो, वाकून, काम करत.